विहिरीची बाटली

“तिला कशाला पाठवताय राव, ती तिथे इंग्रजीत ओकेल,” प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मुकादम ड्रायव्हरला म्हणत होता. मी आत बाटल्यांना लेबलं चिकटवत होते. ड्रायव्हर हसला. माझं एक लेबल वाकडं लागलं. ते काढून मी पुन्हा सरळ लावलं आणि बाहेर जाऊन गुपचूप जीपमध्ये बसले.

बी.एस्सी. होऊन मी नुकतीच हंगामी नोकरीला लागले होते. भोसरीत तेव्हा वर्कशॉपांचे पत्रेही नवे होते. त्यापलीकडच्या माळावर कचऱ्याचं टेकाड वाढत होतं आणि त्याच्या बुडातून काळं पाणी झिरपत होतं. माझ्या पुस्तकात त्याला लीचेट म्हटलं होतं, कचरा डेपोवरचे लोक नुसतंच ‘काळं’ म्हणायचे. ते अडवायला एक खड्डा खणला होता. दर गुरुवारी खड्ड्यातल्या बांबूवरच्या खुणा बघून पातळी लिहायची आणि लांब दांड्याच्या मगाने एक बाटली भरून आणायची, हे माझं काम. त्या गुरुवारी खालच्या वस्तीतल्या विहिरीचीही बाटली घ्यायची होती. विहिरीत काळं उतरलंय असं अहवालात आलं, तरच वस्तीला टँकर मिळणार होता.

खड्ड्यावरून विहिरीपाशी आले तरी काळ्याचा वास नाकातून जात नव्हता, विहिरीवर वाकले असते तर ओकलेच असते. मुकादम जीपमधून बघत होता, त्याला हवं होतं ते मी होऊ देणार नव्हते. नमुना स्वतः काढायचा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हा नियम मला तोंडपाठ होता. विहिरीजवळच्या घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल.

“मावशी, कृपया ही बाटली पाण्याने भरून देता का?” मी म्हटलं.

कुणी तिला कृपया म्हटलेलं नसावं. तिने पदर नीट केला, बाटली दोन्ही हातांत घेतली, चुलीतली राख लावून घासली आणि कळशी घेऊन घरामागे गेली. मी झाडाखाली बसले. ती बऱ्याच वेळाने आली. लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती, खांदा भिजला होता. बाटलीतलं पाणी काचेसारखं होतं. विहीर माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी आत डोकावले नाही. बूच लावलं आणि जीपकडे आले.

प्रयोगशाळेत त्या पाण्यात काहीच सापडलं नाही. ‘पिण्यास योग्य’ असं लिहून मी सही केली.

महिन्याभराने वस्तीतली चार माणसं ऑफिसात आली. ती बाईही होती. साहेबांनी मला फाईल घेऊन बोलावलं आणि अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

“पाणी चांगलं आहे. आमच्या मॅडमनी तपासलंय.”

“सायेब, जनावरं तोंड लावीनात त्याला,” एक म्हातारा म्हणाला.

“मग जनावरांना डॉक्टरकडे न्या की,” मुकादम दारातून म्हणाला.

बाईने मला ओळखलं. तिचा चेहरा खुलला.

“ह्याच ताई व्हत्या, सायेब. उन्हातनं आल्या व्हत्या. आमच्या हिरीचं घाण पानी लेकीला कसं द्यावं? म्या पार दिघीकडच्या हापशावर गेले आन् तिथनं भरून आनलं. व्हय की न्हाई, ताई?”

मुकादम हसायला लागला. “घ्या. मावशी, तुमचा टँकर तुम्हीच परत पाठवला की.”

तो हसत होता, म्हणून तीही हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, अहवालाकडे पाहिलं.

साहेब मात्र हसले नव्हते. मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावरच, पेपरवेटखाली होता. त्यांनी पेपरवेट जरासा फिरवला.

“मॅडम, नमुना तुम्ही स्वतः काढलात ना? नियमाप्रमाणे?”

बाई माझ्याकडे बघत मान हलवत होती. आता ताई सांगतील, असं त्या हलणाऱ्या मानेत होतं. तिच्या खांद्यावर त्या दिवशीचंच लुगडं होतं.

“हो सर,” मी म्हणाले. “मी स्वतः काढला. या मावशींचा काहीतरी गैरसमज होतोय.”