मुंगी मेली

कॉलेजात स्पॅनिशच्या तासाला आम्ही सध्या लहान मुलांची पुस्तकं वाचतो. जाडजूड कादंबऱ्या सोडून हे काय, म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. काल एका गोष्टीत मुलगा अंगणात पडला आणि त्याची आई त्याचा गुडघा चोळत बेडकाच्या शेपटीचं काहीतरी गुणगुणू लागली. बेडकाला कुठली शेपटी? आमचे चेहरे पाहून मॅडम वाचता वाचता थांबल्या. स्वतःच्या गुडघ्यावरून हलकेच हात फिरवत त्यांनी विचारलं, "तुम्ही पडलात की घरी काय म्हणायचे?"

"मुंगी मेली!" अख्खा वर्ग एकदम ओरडला.

तिकडे बेडूक, इकडे मुंगी. औषधाच्या आधी आयांना काहीतरी खोटं सुचतं, आणि त्या खोट्यावर रडू विसरत आपण मोठे होतो. मॅडमचा तो गुडघ्यावरचा हात दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना. संध्याकाळी हॉस्टेलवरून मी आईला फोन लावला.

"आई, मी पडले की तू काय म्हणायचीस गं?"

"कुठं पडलीस? लागलं का फार?"

गुडघा धडधाकट होता. तरी मी म्हणाले, "थोडंसं."