गौरीच्या मटणातलं मीठ

सरक गं अशी जवळ. कानच पकडायला हवा तुझा, इतके महिने तोंड दाखवलं नाहीस! असो. मी एकदा भर सणाच्या दिवशी अकरा माणसं आणि एक देवी खारवली, ते सांगते.

रंगीत टीव्ही नुकता आला होता, आणि माझ्या गळ्यात गाठ. (आमच्याकडे टीव्ही नाही आला, गाठ आली!) कॅन्सरचे शेक घेऊन मी मुलुंडच्या घरी परतले, ती चव हॉस्पिटलातच ठेवून. चहा गंजक्या डब्याचा लागे, साखर खडूची. मिठाचा तर पत्ताच नाही! ताटात मी मूठ मूठ मीठ घ्यायची. गुपचूप हं! कारण विक्रोळीहून माझी मोठी जाऊ, कुसुमताई, आमचा स्वयंपाक सांभाळायला येऊन बसली होती. तिला कळलं असतं, तर माझ्या हातातली पळी कायमची गेली असती.

गौरी आल्या. आम्ही कोकणातले, आमच्या गौरीला दुसऱ्या दिवशी मटण-वडे लागतात.

"मी करते गं, तू पड जरा," कुसुमताई म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? मटण मीच करणार!"

नैवेद्याचं चाखून बघायचं नसतं ना, मग माझं बिंग फुटणार कसं? मीठ हाताच्या अंदाजानं घातलं. (त्या हाताला चार महिने मुठीची सवय, हे ध्यानात कुठे यायला!)

नैवेद्य दाखवला, पंगत बसली. पहिला घास घेतला मात्र, ह्यांनी तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवलाच नाही.

"कसं झालंय?"

"झकास, वहिनी!" धाकटा दीर म्हणाला. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मी वाचले म्हणून गहिवरलाय बिचारा!

मग मी घास घेतला आणि हादरलेच. चव लागली! मिठाची!

"अहो, जीभ परत आली माझी!"

सासूबाई म्हणाल्या, "जीभ आली ता बरा झाला गो. पण ह्या खाऊन गौर उद्याची आजच जायत!"

तेवढ्यात कुसुमताई उठून सरळ माझ्यासमोर आली. चार महिन्यांचं सोंग उघडं पडलेलं. मी मुकाट्यानं पळी पुढे केली.

तिनं माझ्याकडे बघितलं, भरलेल्या डोळ्यांनी. "वेडे, सांगायचं नाही होय? पळी ठेव तुझ्याकडेच. मीठ तेवढं माझ्याकडे." आणि मिठाची बरणी काखोटीला मारली. विक्रोळीला परत गेली तीही बरणीसकट!

पुढे हळूहळू माझी चव खरीच परत आली. बरणी मात्र अजून नाही. तू लवकर ये गं जेवायला, मटण करते. फक्त येताना विक्रोळीला उतर, आणि कुसुमताईकडून त्या दिवसापुरतं मीठ मागून आण!