पाचवा परिणाम

टेंभुर्णीच्या कॉलेजात इतिहास विभाग म्हणजे साहेबराव लहाने सर, एक लोखंडी कपाट आणि जगाचा एक नकाशा. नकाशात सोव्हिएत युनियन अजून शाबूत आहे. एकतीस वर्षांत सरांनी या तिघांत फारसा बदल होऊ दिला नाही.

अभ्यासक्रम मात्र बदलत राहिला. दोन वर्षांपूर्वी मानव्यविद्या शाखेत एक नवा ऐच्छिक पेपर आला, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा इतिहास. दुसरा ऐच्छिक पेपर दुपारी दोनला होता आणि दोनला जाफराबादची एसटी जाते. त्यामुळे चाळीस पोरापोरींनी कॅरिबियन बेटं निवडली.

पेपर आला, पण मराठीत पुस्तक कुठं होतं? अशा वेळी सगळा मराठवाडा ज्याच्याकडे बघतो ते पिवळं गाइड जालन्यात कमरोद्दीनभाईंच्या छापखान्यात छापलं जातं. वर लेखक म्हणून ‘एक अनुभवी प्राध्यापक’ एवढंच असतं. तो अनुभवी प्राध्यापक म्हणजे लहाने सर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षकानं गाइड लिहू नये असा नियम असल्यामुळे कुणी ते बोलून दाखवत नसे, इतकंच.

सरांच्या गाइडात सगळं पाच असे. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पाच, मोगल सत्तेच्या ऱ्हासाचीही पाच. चार भरली तर सर आणखी एक शोधत. सहा झाली तर दोन एकत्र बांधत. “पोरांच्या हाताला बोटं पाच हायत,” ते म्हणत. “परीक्षेत तेवढीच कॉपी बिनधास्त नेता येती.”

त्यांची बायको उषाबाई इतिहास वाचत नव्हती. पण सर लिहायला बसले की आतून विचारायची, “पाच झाले का?” झाले म्हटलं की ताट वाढायची. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यांतलं बरंचसं बोलणं एवढंच होतं आणि ते दोघांनाही पुरत होतं.

गेल्या साली ऑगस्टमध्ये सर हैतीच्या क्रांतीचे परिणाम लिहीत होते. गुलामगिरी संपली. हैती स्वतंत्र झालं. फ्रान्सची साखरेची मोठी वसाहत गेली. नेपोलियननं अमेरिकेतला मुलूख विकून टाकला. चार झाले. पाचचा आकडा घातला आणि आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. सर उठून आत गेले.

तिसऱ्या दिवशी उषाबाई जालन्याच्या दवाखान्यात वारली. डॉक्टरांनी तीन कारणं सांगितली. डॉक्टर आणखी दोन सांगतील म्हणून सर थांबले. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले.

दहावा झाला, तेरावा झाला. “सर, एकदा रडून घ्या, मोकळं व्हा,” असं लोक सांगत होते. सर स्टाफ मीटिंगमध्ये हलवतात तशी मान हलवत होते. चौदाव्या दिवशी त्यांनी लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा सुतळीनं बांधला आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती जालन्याला पाठवून दिला. एकदा वाचून बघायचं त्यांना सुचलं नाही.

छापखान्यात टायपिंग करते कमरोद्दीनभाईंची पुतणी अलमास. तिला दिसलं, पाचचा आकडा आहे आणि पुढं कोरं. तिनं फोन उचलला आणि परत ठेवला. ज्याच्या घरी मयत झाली त्याला परिणाम काय विचारायचे? सर नेहमी पाच देतात, तिथं आपल्यामुळे चार कसे जातील, असाही तिनं विचार केला. मग सरांच्याच जुन्या गाइडाची फाइल उघडून एका प्रकरणाचा शेवटचा मुद्दा उचलला आणि इथं बसवला. त्या पानावर छापून आलं: ‘५. इटलीचे एकीकरण झाले.’

पुस्तक मराठवाडाभर गेलं.

मे महिन्यात सर पेपर तपासायला जालन्याच्या मूल्यांकन केंद्रावर गेले. प्रश्न दहा गुणांचा होता, ‘हैतीच्या क्रांतीचे परिणाम लिहा’. पहिल्याच उत्तरपत्रिकेत हैतीत क्रांती झाली आणि इटली एक झाली. सरांना वाटलं, पोराला उन्हाळा बाधला. दुसऱ्या पत्रिकेतही इटली एक झाली. तिसऱ्या पत्रिकेला त्यांनी नमुना उत्तर मागवून घेतलं. त्यातही पाचवा मुद्दा तोच. पेपर काढणाऱ्यानंही पिवळं गाइडच विकत घेतलं होतं.

कुठला दिवस, कुठलं पान, हे सरांना लगेच कळलं. काही वाटेल म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. काही वाटलं नाही. त्यांनी लाल पेन उचललं आणि दोन गुण दिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्या हातून इटलीचं एकेचाळीस वेळा एकीकरण झालं.

सुट्टीनंतरच्या एका पत्रिकेत चारच परिणाम होते. खाली बारीक अक्षरात ओळ होती: ‘पाचवा परिणाम गाइडमध्ये आहे, पण तो कसा होऊ शकतो ते मला समजले नाही, म्हणून लिहिला नाही.’ पत्रिकेवर नाव नसतं, नुसता बारकोड. बेरीज तीस आली. पास व्हायला बत्तीस लागतात.

सरांनी बेरीज पुन्हा केली. तीसच. मग ती पत्रिका घेऊन ते केंद्राच्या नियामक दैवशाला मॅडमच्या टेबलाशी गेले.

“मॅडम, ह्याला दोन गुण द्यायचेत.”

“कशाचे? पाचवा मुद्दा कुठंय?”

“लिव्हला न्हाई. तेच बराबर हाय. पाचवा मुद्दा चूक हाय.”

“नमुना उत्तरात आहे की सर.”

“ते गाइडातून आलंय.”

“मंग कुठून येणार? स्वर्गातून?” मॅडम हसल्या. “ज्यानं गाइड लिहिलं त्यानं काही तरी विचार करूनच लिहिलं असेल ना.”

“काही विचार केला न्हाई,” सर म्हणाले. “मी लिव्हलंय.”

हॉलमधल्या पस्तीस पेनांचा आवाज थांबला. मॅडमनी दाराकडे बघितलं, मग टेबलाकडे.

“सर, हे मी ऐकलं नाही. तुम्ही पाणी प्या, जागेवर बसा. नाव जाईल तुमचं परीक्षकांच्या यादीतून.”

“ऐकलं नसंल तर परत सांगतो. पोरगं नापास होऊन राह्यलंय, मॅडम. एकट्यानं खरं लिव्हलं म्हणून.”

एका कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं, “लहाने सर, गाइड आपलं हाय व्हय! आम्हाला वाटलं कुणा तज्ज्ञाचं हाय.” हशा झाला आणि मॅडमना निर्णय घेणं सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी पत्र निघालं. पाचव्या मुद्द्याचे दोन गुण सर्वांना, लिहिला असेल त्याला आणि नसेल त्यालाही. खरं-खोटं ठरवण्यापेक्षा सरसकट द्यावं, ही आपली जुनी चांगली पद्धत. बारकोडवाला बत्तीसवर पास झाला. सरांचं नाव यादीतून गेलं. त्यांनी लाल पेन जमा केलं, पोच घेतली आणि एसटी धरली.

जूनमध्ये कमरोद्दीनभाईंनी बोलावणं पाठवलं. नवी आवृत्ती काढायची होती. अलमास मान खाली घालून कॉम्प्युटरपुढं बसली होती.

“सर, गलती झाली. मला वाटलं, तुमाला कशाला तरास.”

“बराबर केलंस.”

“आता सांगा पाचवा. जल्दी टाकते.”

हैतीनं शेजारच्या देशांच्या स्वातंत्र्याला मदत केली, हे सर झोपेतही सांगू शकले असते. तसे दहा परिणाम निघाले असते. पण त्या दिवशी त्यांतला कुठला लिहिणार होतो, ते काही केल्या आठवेना. आणि आतून विचारणारं कुणी नव्हतं.

“चारच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

“सर, बिलकुल बरं दिसणार न्हाई,” कमरोद्दीनभाई म्हणाले. “लोक म्हणतील छपाई खराब. मंग पाचचा आकडा तरी काढू का?”

“आकडा ऱ्हाऊ दे.”

भाईंनी अलमासकडे बघितलं, अलमासनं पडद्याकडे. आकडा राहिला.

ऑगस्टमध्ये वर्गात हैतीचं प्रकरण आलं. पहिल्या बाकावरच्या तृप्तीनं गाइड वर धरलं.

“सर, पाचवा कुठं गेला?”

सरांनी घड्याळ बघितलं. एसटीला वीस मिनिटं होती.

“मी तवा उठून आत गेल्तो,” ते म्हणाले.

वर्गात कुणी हसलं नाही. तृप्तीनं मान डोलावली आणि पाचच्या आकड्यापुढं स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं: ‘सर उठून आत गेले.’