संध्याकाळी मेन बंद करणारा माणूस

वहिनीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नळ्यांवर लेबलं चिकटवत होते. "मंदा, हे गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण चालू होतं. माझा थोरला भाऊ श्रीकांत, आमचा दादा, भांडण कधी अर्धं टाकून उठला नव्हता. जेवण गार होऊ देईल, गाडी चुकवेल, पण शेवटचा शब्द त्याचा. आणि ज्या भांडणापायी मी राजाजीनगरातल्या त्याच्या घराची पायरी चढणं सोडलं होतं, तेच तेवढं टाकून तो निघून गेला. शोकसभेत त्याच्या व्यवसायातली माणसं आली होती. वीजदरांच्या क्षेत्रातला द्रष्टा, असं एकजण म्हणाला, दुसरा त्याच्या साधेपणावर बोलला. मी मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं. जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आता इथे लिहिते आहे.

दादा वीजबाजारात फार उशिरा गेला, पण त्याचा बाजार मी लहानपणापासून पाहत आले होते. सुट्टीत आम्ही एसटीनं सांगलीला आजोळी जायचो. खिडकी दादा आधी धावत जाऊन पकडायचा आणि मग मला विचारायचा, "काय देशील?" मी लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. सगळ्या. तो त्या खिशात घालून शांतपणे म्हणायचा, "बघ, खिडकी तुला माझ्यापेक्षा जास्त हवी होती. म्हणजे ती तुलाच मिळायला हवी होती. आता दोघंही खूश." मी खूश नसायचे. मी सख्खी बहीण होते, मला ती खिडकी फुकट हवी होती. पण हे म्हणायला शब्द नव्हते आणि त्याच्याकडे तेव्हाही शब्द फार होते.

पुढे तो सरकारी कंपनीत इंजिनिअर झाला, बंगळुरात राजाजीनगरला स्थायिक झाला, त्याच्यामागे मीही संशोधनासाठी इथेच आले. निवृत्तीनंतर तो विजेचे दर कसे ठरवावेत याचा सल्ला द्यायला लागला. रविवारी त्याच्याकडे थालीपीठं खायला जायचं म्हणजे व्याख्यान ऐकायचं. त्याचं म्हणणं असं की वर्षातल्या मोजक्या तापलेल्या संध्याकाळींसाठी आपण अख्खे वीजप्रकल्प नुसते बसवून पोसतो आणि त्याचा भार रोजच्या बिलात सगळ्यांवर पडतो. "लग्नकार्यात लागतील म्हणून घरात कुणी पाचशे ताटं घेऊन ठेवतं का? त्या दिवशी भाड्यानं आणतात," तो म्हणायचा. त्या संध्याकाळी वीज बाजारातून घ्या, ती महाग पडेल, तर ज्यांचं अडत नाही त्यांची थोडा वेळ बंद करा आणि त्याबदल्यात त्यांना वर्षभर स्वस्त दर द्या. मी म्हणायचे, "पाचशे नाही ठेवत दादा, पण दोन जास्तीची ठेवतो की. आयत्या वेळी कुणी आलं तर?" त्यावर तो वहिनीकडे बघून हसायचा, मला व्यवहार कळत नाही अशा अर्थानं. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

एक मात्र खरं, तो नियम त्यानं आधी स्वतःच्या घराला लावला. रोज संध्याकाळी, शहरात विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळी, तो उठून मेन बंद करायचा आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बनियनवर बसायचा. लोक याला साधेपणा म्हणतात. वहिनी आत घामानं निथळत कणीक मळायची, त्याला काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही. शेजारच्या कानडी अक्का कुंपणावरून विचारायच्या, "एनु, करंट इल्वा? आमच्याकडे तर आहे!" वहिनी म्हणायची, "आहे अक्का, यांनी घालवलाय." इन्व्हर्टर घ्यायचं नाव काढलं की दादाचं उत्तर ठरलेलं, "आपलं काय अडलंय?" आपलं म्हणजे त्याचं. वहिनीला त्यानं विचारल्याचं मला आठवत नाही.

आमची संस्था इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे एका खाजगी औद्योगिक वसाहतीत आहे. वसाहतीची स्वतःची कंपनी बाहेरून वीज घेते आणि सगळ्यांना वाटते. दादाची योजना तिथे लागू झाली. प्रत्येकानं आपली वीज दोन भागांत वाटून द्यायची, पक्की हवी ती महाग, अधूनमधून गेली तरी चालेल ती स्वस्त. आमच्या ऑफिसनं संगणकाची खोली आणि संचालकांचा मजला पक्क्यात घातला. प्रयोगशाळेची सगळी इमारत 'चालेल'मध्ये गेली. बिल खरंच उतरलं, हेही सांगते, नाहीतर तो वरून हटकेल. उन्हाळ्यात जोडून सुट्ट्या आल्या, बाजारात विजेचा भाव कडाडला आणि ठरल्याप्रमाणे आमची वीज बंद झाली. ती काही तासांत परत आली, पण माझा जुना फ्रीजर परत सुरू झाला नाही. सुट्टीनंतर मी दार उघडलं तेव्हा फरशीवर पाणी होतं आणि त्यात सुटलेली लेबलं तरंगत होती. सह्याद्रीतल्या रानांतून माती आणून तिच्यातून वेगळे काढलेले जीवाणू मी त्यात उणे ऐंशी अंशांवर जपले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. त्यातली काही रानं आता उरलेलीही नाहीत, परत जाऊन आणू म्हटलं तरी जाणार कुठे...

मी तिथेच बसून दादाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मंदे, वीज तर परत दिली होती. फ्रीजर तुमचा. आणि एवढं मोलाचं होतं तर पक्की वीज मागायची."

"मला कुणी विचारलं?"

"ते तुझ्या ऑफिसला विचार."

यात तर्काची एकही चूक नव्हती, म्हणूनच मी पेटले. "ही खिडकीची जागा नव्हती दादा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. काही आठवड्यांनी तो न सांगता प्रयोगशाळेत आला. त्यानं रिकाम्या फ्रीजरचं दार उघडून आत वाकून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "अशा गोष्टीची किंमत किती धरायची, सांग. पुढच्या मसुद्यात घालतो." मी त्याला दार दाखवलं. वहिनी म्हणते ती त्याची माफी होती. असेल. पण माफी मागताना माणूस 'चुकलं' म्हणतो, 'किती' विचारत नाही. त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिलं नाही.

तेराव्यानंतर वहिनीनं पहिलं काम केलं ते इन्व्हर्टर बसवून घेण्याचं. मला सोबतीला बोलावलं होतं. बसवणारा जिन्याखाली जागा करून, "सरी मेडम, झालं, आता काळजी नको," म्हणत निघून गेला. आम्ही चहा घेत व्हरांड्यात बसलो. वेताची खुर्ची तिथेच होती, तिच्यात कुणी बसलं नाही. अंधारून आलं तशी वहिनी बोलता बोलता उठली, आत गेली आणि मेन बंद केला. तिच्या ते ध्यानातही आलं नसावं. पण दिवा गेला नाही, पंखाही फिरतच राहिला. ती बटणाकडे बघत राहिली. "अगंबाई, हे आता बंदच होत नाही," म्हणाली. आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी तिला धरून बसवलं. माझा राग तसाच होता, अजूनही आहे. मी खुर्चीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "बघ दादा, दोन जास्तीची ताटं ठेवली तर काही बिघडत नाही." त्यावर तो काय म्हणाला असता ते मला पाठ होतं, कुठल्या शब्दाला हसला असता तेही.

तरी मी थांबले, त्याला बोलू दिलं.