पुसून पुसून झिजलेली चिप

२०१८ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. माझ्या चादरीच्या मागाची नक्षी एका चिपमध्ये असायची. ती नक्षी पुसून नवी लिहून देणारा मेकॅनिक आधी चिपवर फुंकर मारायचा, मगच बोलायचा.

"काका, नक्षी आदी कागदावर पक्की करा की. दर येळी पुसून लिवलं की चिप झिजती."

"मला शिकवतो व्हय? पूस!"

तो हसून पुसायचा. एक दिवस चिपनं नक्षी धरलीच नाही. तसली चिप आता कुठंच मिळेना.

मुलगा चिडला, "बाबा, किती वेळा पुसायला लावलं तुम्ही?"

मेकॅनिक खाली बघत म्हणाला, "न्हाय ओ, माझाच माल खराब निगाला."

दोष मी त्याच्यावरच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग भंगारात घातला आणि मेकॅनिकच्या दुकानावरून मान खाली घालून गेलो.