तव्यावरची शेवटची भाकरी

नगरच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून माझ्या बॅगा टेम्पोत चढल्या, तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, एकच बजावलं, "मागं बघू नगंस. तू बघितलंस तर त्यो थांबायचा न्हाई." त्यो म्हणजे बाळ्या, आमचा कुत्रा. मी अर्थातच बघितलं. बिचारा जीभ काढून फाट्यापर्यंत पळत आला. मला वाटलं, निरोपाला आलाय, दमला की जाईल घरी.

'आमचा' म्हणजे वस्तीचा. सकाळी चुलत्यांकडे ताक, दुपारी कुणाच्याही बांधावर झोप. रात्री मात्र आमचंच दार, कारण तव्यावरची शेवटची भाकरी त्याची, हा आईचा नियम.

आता जर्मनीत चौथ्या मजल्यावर राहतो. एकटं वाटतं हे फोनवर सांगायची लाज, म्हणून कुत्रा आणायचं ठरवलं. इथं बेवारस कुत्र्यांसाठी निवारा असतो. तिथला ब्रूनो नावाचा म्हातारा कुत्रा मला आवडला. पण आधी निवाऱ्याच्या बाई घर बघायला येणार म्हणे! मी उपवर मुलीसारखा, इस्त्रीचा शर्ट घालून, कांदेपोहे करून बसलो.

"कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील?"

मनात म्हटलं, बाई, माझ्याबद्दल हे अजून कुणी विचारलेलं नाही.

"आधी कुत्रा होता?"

मी खुललोच. पट्टा नाही, साखळी नाही, वाटेल तिथं झोपायचा, दारोदार जेवायचा! बाईंचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला.

"मग निघताना त्याला कुणाकडे सोपवलंत?"

वस्तीचा कुत्रा वस्तीला काय सोपवायचा? मी समजावत गेलो, तसतसं माझं जर्मन आटत गेलं.

"म्हणजे सोडून आलात," त्या हळूच म्हणाल्या. ब्रूनो मिळाला नाही.

तणतणत घरी फोन लावला. "आई, बाळ्या मजेत हाय का न्हाई, तूच सांग!"

आई म्हणाली, "तुला बोलले न्हाई रं. तू गेल्यापास्नं त्यो फाट्यावरच बसायचा. टेम्पो दिसला की उठायचा. भाकर मी तिथंच न्यायचे. औंदा थंडीत गेला."

गावाकडचे तुम्ही म्हणाल, बाळ्या वस्तीचा होता. इकडं आलेले तुम्ही म्हणाल, बाईंचं खरं, तो माझा होता. बाळ्यानं मात्र ते केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मग आता शेवटची भाकर?" मी विचारलं.

"थापली जातीच की. हाताला सवय हाय."

घर म्हणजे आता मला एवढंच उरलंय: रात्री टोपल्यात एक भाकरी जास्तीची राहते. सकाळी ती शिळी भाकर दादा चहात बुडवून खातात, फाट्याकडे पाठ करून.