दूध सोसायटीतला भोपळा

दुष्काळाच्या एका वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, आमच्या गावच्या दूध सोसायटीत मदत देणारे परदेशी पाहुणे येणार होते. दूध जवळपास बंदच होते, म्हणून चेअरमननी सजावटीवर भर दिला. त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने सांगितले, की गोरे लोक याच दिवसांत भोपळ्यावर तोंड कोरून आत दिवा लावतात.

गावात एकच भोपळा उरला होता, आमच्या घरी. संध्याकाळी परत करण्याच्या बोलीवर आईने तो दिला. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नसते. ती चेअरमननी लावली, फोटोसाठी दोनदा. माझी चित्रकला बरी होती, म्हणून तोंड मी कोरले. ते चेअरमनसारखे दिसू लागले, पण तसे कोणी बोलले नाही.

पाहुण्यांच्या देशात ही रीतच नव्हती. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, "हा तुमचा देव का?"

चेअरमन म्हणाले, "व्हय, लई जागृत हाय."

पाहुण्यांनी हात जोडले. मग चेअरमननाही जोडावे लागले.

संध्याकाळी आई भोपळा न्यायला आली.

"वैनी, आता त्याला देवपण आलंय. कसा नेता?"

"देवपण तुमच्यापाशी ठिवा, चेअरमनसाब. माझी लेकरं उपाशी हायत."

घरी आईने लगेच विळी घेतली. एरवी पहिल्या चिरेसाठी ती वडिलांची वाट पाहत असे. त्या वर्षी सोसायटीने गावासाठी केलेले तेवढेच काम मला आठवते.